इन्व्हर्टर दुपारीच का बोंबलतो?

"गेली पुन्हा लाइट," आकाशनं बातमी आणली, आणि विशाखा चिवड्याची ताटली तशीच टाकून धावली.

फुलंब्रीजवळच्या सांडूकाकांच्या मळ्यात विजेची तार पोचलेलीच नव्हती. घर चालायचं ते छतावरच्या सोलर पॅनलवर आणि पडवीतल्या बॅटरी-इन्व्हर्टरवर. दिवाळीच्या सुट्टीत शहरातून आलेल्या या बहीणभावाला त्यात गंमतच वाटली असती. पण काकांच्या मुलीनं, अपेक्षानं, कोंबडीची अंडी उबवायच्या मशीनमध्ये ठेवली होती आणि पिल्लं बाहेर पडायच्या बेतात होती. रोज दुपारी इन्व्हर्टर पीं-पीं बोंबलून बंद पडायचा, मशीन गार व्हायचं आणि ही तिघं त्याच्यावर गोधडी टाकून बसायची.

"तुमच्या मोबाइलनं व्हतंय हे," काका म्हणाले. "आजपासून चार्जिंग बंद."

"मी तर बाई दुपारी झोपलेली असते," रूपाकाकू म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. विशाखाला ते खटकलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, मोठी माणसं पांगली आणि तिघं इन्व्हर्टरसमोर ठाण मांडून बसली. त्याच्या पडद्यावर किती वीज ओढली जातेय ते दिसायचं. थोड्या वेळानं आकडा उडी मारून वर गेला.

"काहीतरी जड लागलंय," अपेक्षा कुजबुजली. "पण एवढा भार इन्व्हर्टर पेलतो."

मग दुसरी उडी. पीं-पीं-पीं. बंद.

"म्हणजे दोघं आहेत," विशाखा म्हणाली. "एकटा कुणीही चालतो. दोघं एकदम आले की हा बसतो. मागच्या खोलीत घूं-घूं चाललं होतं, ते आत्ताच थांबलं."

आकाश नाक वर करून उभा होता. "आल्याचा वास येतोय. अवजारांच्या खोलीतून."

"मग तू वासामागं जा."

विशाखानं मागच्या खोलीचं दार ठोठावलं. दारात काकू. हातात केस वाळवायचं मशीन, अर्धे केस कुळकुळीत काळे, अर्धे पांढरे. 'आमच्या खोबरेल तेलाचा गुण' म्हणून गावभर मिरवलेले ते केस काकू रोज दुपारी थोडेथोडे रंगवत होत्या!

तेवढ्यात आकाश काकांना घेऊन आला. त्यांच्या हातात वाफाळत्या चहाचा ग्लास होता. फवारणीच्या पंपामागं त्यांनी विजेची शेगडी लपवली होती.

"साखर घातली?" काकूंनी विचारलं. डॉक्टरांनी काकांची साखर बंद केली होती.

"उगं चिमूटभर. अन् तुझं खोबरेल तेल लई चढलंय की डोक्याला."

"विषय बदलू नका."

विशाखाला हसू आवरेना, पण अंडी गार पडत होती. "काका, आधी मशीन. भांडण मग."

काकांनी ग्लास ठेवला आणि मुकाट्यानं इन्व्हर्टर चालू केला. त्या दिवसापासून शेगडीला कुलूप लागलं. केस वाळवायचं मशीन लावायचं ते ऊन डोक्यावर असताना, अपेक्षाला विचारून.

दोन दिवसांनी कवच तडकलं आणि एक ओलं पिल्लू धडपडत बाहेर आलं. मग दुसरं, तिसरं.

"ह्ये आमच्या ध्यानात नाय आलं," काका म्हणाले. "तुमच्यावर ढकलून मोकळा झालो. शाबास रे पोरांनो. चार्जिंग चालू."

संध्याकाळी विशाखाच्या बाबांचा फोन आला. "दादा, तुझ्या पोरांनी वीजचोर धरले," काकांनी अभिमानानं सांगितलं.

"कोण होते?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"ओळखीचे नव्हते," काका म्हणाले.