जास्तीचं ताट

तुम्ही विश्वास ठेवणार नाही. आजवर कुणी ठेवलेला नाही. पण त्या नाताळच्या संध्याकाळी आमच्या झेलेना गावात थंडी अशी होती की मेणबत्तीची ज्योतच गोठली, आणि ओरिस्याला ती चिमट्याने मोडून नवी लावावी लागली! हसा खुशाल. फक्त हात थांबवू नका, बायांनो. गावच्या बर्फाच्या रिंकचं छप्पर या बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोह्या विकूनच व्हायचंय. आणि हसणं जरा हळू... ओरिस्या तिकडे चुलीपाशी पाठ करून पिरोह्या उकळतेय, आणि म्हातारपणी तिचं बाकी सगळं दमलं असलं तरी कान दमलेले नाहीत.

तर नवी ज्योत लागते न लागते तोच दार वाजलं. दारात मिरोन! तिचा धाकटा भाऊ! सबंध देश ज्याला ‘भिंत’ म्हणायचा तो आइस हॉकीतला बचावपटू... एक गुडघा कायमचा ताठलेला, खांद्यावर बर्फ, हातात टोपी. आणि टेबलावर, गवत पसरून वर अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर, दोनच ताटं होती. एक तिचं. दुसरं जास्तीचं, घरातल्या मेलेल्या माणसासाठी आपण मांडतो ते.

ओरिस्या चौकटीला धरून उभी राहिली. किती वर्षं या पावलांची वाट पाहिली होती तिने! आणि आता ती आली, तर तिच्या थकलेल्या अंतःकरणात आनंद उमटेना, रागही उमटेना... नुसतं वाटलं, देवा, मला जरा बसू दे.

आई गेली तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची, आणि मिरोन पोटाशी झोपणारं पोर. बाप त्याआधीच गेलेला. परसातल्या बटाट्याच्या वाफ्यावर रोज बादल्यांनी पाणी ओतून तिने त्याच्यासाठी बर्फ धरवला. स्वतः काठी घेऊन चकती ढकलत ती त्याच्या अंगावर धावून यायची, आणि तो उलटा घसरत मागे मागे जायचा.

“चकतीकडे काय बघतोस, गाढवा! माझ्या पोटाकडे बघ! चकती हुलकावणी देते, पोट कसं देईल?”

अशी ती भिंत उभी राहिली. मिसरूड फुटायच्या आत त्याचा एक फटका धान्याच्या कोठाराची फळी भेदून पलीकडे गेला, आणि जाताना दोन चिमण्या घेऊन गेला! हो, दोन!

त्याच हिवाळ्यात शाळेतला लुबोमीर मास्तर दाराशी गाडी घेऊन आला होता. “चल ओरिस्या, समुद्राकडे जाऊ. तिकडे हिवाळा नसतो म्हणे. लग्न करू.”

केवढं प्रेम होतं तिचं त्या माणसावर! पण ती एवढंच म्हणाली, “आधी गाडी बंद कर, पेट्रोल फुकट जळतंय. आणि मग... एकटाच जा. पोराला कुणावर टाकू मी?”

तो गेला. पुढे मिसरूड फुटल्यावर पोरगाही गेला... आधी शहरातल्या पोरांच्या संघात, परक्या घरी राहायला, आणि मग मोठ्या संघात. आपला नाताळ पडतो जानेवारीत, ऐन सामन्यांच्या दिवसांत. दरवर्षी त्याचा फोन यायचा, “ताई, यंदा नाही जमत गं.” दरवर्षी ती म्हणायची, “बरं.”

आणि मग ती रात्र! खेळ सोडताना त्याचा खेळायचा सदरा सन्मानाने मोठ्या संघाच्या रिंकच्या छताला चढवला, तेव्हा मिरोनने सगळ्यांचे आभार मानले. प्रशिक्षकाचे, गुडघ्याच्या डॉक्टरचे, शहरातल्या त्या घरमालकिणीचे, स्केटला धार लावणाऱ्याचेसुद्धा... ओरिस्या टीव्हीपुढे ओले हात पुसत उभी होती. पुसतच राहिली.

आणि आता तो दारात! ताटाकडे बघून तो अवघडला. “हे आईचं ना? मी बाकावर बसतो.”

“आईचं नाही. तुझं आहे.”

“माझं? पण मी येणार हे...”

“येणार म्हणून नाही मांडलं.”

मिरोनचा चेहरा पांढराफटक पडला. “म्हणजे ताई... मी तुला मेलो होतो?”

“काय समजायचं मग मी? जिवंत माणूस बहिणीचं नाव घेतो, मिरोन! धार लावणारा आठवला तुला. मी नाही आठवले?”

तो खाली बघत म्हणाला, “नाही आठवलीस. खोटं कशाला सांगू? तू म्हणजे मला घर होतीस गं. घर कुणी आठवतं का? ते असतंच, असं वाटतं... गुडघा गेला, सगळे गेले, फोन बंद झाले, तेव्हा कळलं की मला घराचीच आठवण येत होती.”

हाय रे देवा! हे ऐकून दगडालाही पाझर फुटला असता! मिरोन तिच्या पायांवर वाकायला गेला. गुडघा वाकेना, म्हणून फटका अडवायला आडवा पडायचा तसा तो जमिनीवर आडवाच पडला, आणि असा रडला, असा रडला की तळघरात पाणी शिरून बटाटे तरंगले! ओरिस्याने त्याला उचलून हृदयाशी धरलं, आणि त्या एका मिठीत तिचा जन्माचा शीण पार निघून गेला! त्या दिवसापासून तिला थकवा कसला तो माहीत नाही...

“खोटं!”

चुलीपाशी ओरिस्या वळली होती. झाऱ्यातून पाणी गळत होतं.

“बाकीचं सगळं चालवून घेतलं, पानास, पण हे नाही. शीण कुठे गेला रे? हा काय, आहे की अजून, खांद्यात, कमरेत. आणि मिठी-बिठी कुणी मारली नाही. तो त्या ताटावर बसला. जेवला. मग न सांगता उठून भांडी घासायला लागला, तीही धड नाही, कडांना तेल तसंच. आणि मी बसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्या घरात दुसरं कुणी काम करत होतं, आणि मी बसले होते.”