पायाला कळलेला आवाज

काकांनी गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, तेव्हा आजोबा चष्मा काढून नुसते पुसत बसले. बिट्टीला ते मुळीच आवडलं नाही. सुट्टी लागून जेमतेम चार दिवस झाले होते, आणि शनिवारी आजोबा स्वतः गाडी चालवत सगळ्यांना तळ्यावर नेणार, हे कधीच ठरलं होतं.

आता शनिवारी काका ती गाडी डोंगराखाली राहणाऱ्या एका भाच्याला देऊन येणार होते.

भानगड अशी होती. गाडी जुनी, बिट्टीच्या बाबांपेक्षा दोनच वर्षांनी लहान. पंधरा दिवसांपासून आजोबा सांगत होते की पुढच्या बाजूने 'टक' असं वाजतं. काकांनी हमरस्त्यावर चक्कर मारून पाहिली, त्यांना काही ऐकू आलं नाही. मग गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेली. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी ती परत आणून दिली. पुढची दोन्ही चाकं काढून बघितली, गाडी ठणठणीत आहे, असं सांगून त्यांनी हळूच आपल्या कानाला बोट लावून दाखवलं. आजोबांना नुकतंच कानाचं यंत्र लागलं होतं. दोष यंत्राचा आणि वयाचा, असा निकाल लागला. ज्यांना नसलेले आवाज येतात, त्यांनी गाडी चालवू नये, असंही काकांनी ठरवून टाकलं.

दुपारी मुलं आजोबांच्या खोलीत गेली. बिट्टीच्या मागे तिचा आठ वर्षांचा भाऊ. तो तिची पाठ सोडत नसे, म्हणून त्याचं नाव शेपूट. आणि काकांचा मुलगा भोपळा. त्याला हे नाव का पडलं, ते त्याच्याकडे बघूनच कळे.

"आजोबा, तो आवाज नेमका कधी येतो?" बिट्टीने विचारलं.

आजोबांनी तिच्याकडे जरा आश्चर्यानेच पाहिलं. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग ते सांगू लागले. फाटकातून हळू बाहेर पडताना, चाक खड्ड्यात उतरताना. भरधाव जाताना नाही. आणि परवा तर कानाचं यंत्र टेबलावरच राहिलं होतं, तरी टक झालंच.

"यंत्र नसताना ऐकू कसं आलं?" भोपळा म्हणाला.

"ऐकू कुठे आलं? पायाला कळलं."

बिट्टी ताडकन उठली. पायाला कळलं, म्हणजे कानाचा काही संबंधच नव्हता!

दुसऱ्या दिवशी काका कामावर जायच्या आत बिट्टीने त्यांच्याकडून तासाभरासाठी किल्ली मागून घेतली, गाडी आतून पुसायची म्हणून. गाडी पुसलीही. मग अंगणात फळी आडवी टाकली आणि आजोबांनी गोगलगायीच्या चालीने गाडी पुढे घेतली. आधी फक्त उजवं चाक फळीवरून गेलं. तिघं कान टवकारून बाजूने चालत होते. काही नाही. मग फक्त डावं चाक.

टक.

"मी ऐकलं," शेपूट कुजबुजला. जणू मोठ्याने बोललं तर आवाज पळून जाईल.

आजोबांनी इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि चाकांना विटा लावायला सांगितल्या. त्याशिवाय कुणी खाली वाकायचं नाही, अशी सक्त ताकीद दिली. भोपळ्याने पुढच्या कोपऱ्यावर सगळा भार टाकून गाडी दाबली आणि सोडली. ती एकदा वर आली आणि जागेवर बसली, झोके घेत राहिली नाही. म्हणजे शॉकॲब्सॉर्बर बरे असावेत, असं आजोबा म्हणाले. पण डावा टायर आतल्या कडेने पार गुळगुळीत झाला होता. "हे चाक सरळ उभं नाही," ते पुटपुटले.

तेवढ्यात शेपटाने चाकाच्या नटांवर बोट ठेवलं. सगळ्या नटांवर वाळलेल्या चिखलाचा जाड थर होता, कुठेही पान्याचा ओरखडा नाही.

बिट्टीने हळूच शीळ घातली. चाक निघालंच नव्हतं!

भोपळा तडक गॅरेजात जाऊन जाब विचारायला निघाला होता. बिट्टीने त्याला शर्टाला धरून मागे ओढलं. भांडलो तर मोठे आपल्यालाच गप्प बसवतील, त्यापेक्षा विद्यार्थी होऊ या, असं तिचं म्हणणं पडलं.

संध्याकाळी काका घरी असताना तिने मिस्त्रींना बोलावून आणलं. चाक कसं काढतात ते आम्हाला शिकायचंय, तुम्ही आत्ताच काढलं होतं म्हणजे पटकन निघेल, असं ती अगदी गोड बोलली. मिस्त्री खुशीत पाना घेऊन बसले. नट काही हलेना. चिखलाचे पापुद्रे गळू लागले, तसे काका जवळ येऊन उभे राहिले. मिस्त्रींचे कान लाल झाले. शेवटी चाक निघालं. त्यांनी आत एक लोखंडी पहार घालून जरा उचकटलं, आणि टक झालं.

मिस्त्रींनी गुडघ्यांवर बसूनच मुलांना दाखवलं. चाकाला धरून ठेवणारा बॉल जॉइंट, खांद्याच्या सांध्यासारखा वाटीत बसलेला गोळा. त्याचं रबर फाटून ग्रीस केव्हाच वाहून गेलं होतं, आणि गोळा वाटीत खुळखुळत होता.

"उतारावर निसटला असता तर चाक आडवं झालं असतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चुकलो मी. जुनी गाडी, म्हातारा माणूस, असं म्हणून मी चाक उघडलंच नाही."

काकांचा चेहरा उतरला. शनिवारी भाच्याकडे गाडी पोचवायला ते डोंगराच्या उतारावरूनच भोपळ्याला शेजारी बसवून जाणार होते.

दोन दिवस मिस्त्री मन लावून खपले. नवा जॉइंट बसवला, उजव्या बाजूचाही उघडून तपासला, डावा टायर बदलला, चाकं पुन्हा सरळ रेषेत आणली. मुलांना त्यांनी पाने द्यायच्या कामाला लावलं आणि बिट्टीकडून शेवटचा नट आवळून घेतला. मग तो स्वतःही एकदा आवळून पाहिला.

शनिवारी सकाळी काका आजोबांपुढे येऊन उभे राहिले. खिशातली किल्ली काढून त्यांनी आजोबांच्या हातात ठेवली. "बाबा, मी तुम्हाला विचारायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. मग मुलांकडे वळून म्हणाले की अशी डोकी त्यांच्या कचेरीत असती, तर निम्मी कामं दुपारपर्यंतच उरकली असती.

"माझ्याही घरात होती की," आजोबा म्हणाले, "तू लहान होतास तेव्हा." आणि त्यांनी काकांच्या पाठीत एक धपाटा घातला.

तळ्याकडे निघताना काका मागच्या सीटवर तीन मुलांमध्ये चेपून बसले. फाटकाबाहेरचा खड्डा आला, तसे सगळ्यांनी कान टवकारले. गाडी खड्ड्यात उतरली, वर आली, आणि मुकाट पुढे गेली.

"काय म्हणतो पाय?" बिट्टीने विचारलं.

"झोपलाय," आजोबा म्हणाले.