उत्तरेच्या भिंतीतला बर्फ

"सोरेन, वळ! अरे वळ, भिंत आली!"

इत्सेलचं ओरडणं संपेपर्यंत सोरेन स्केटिंगच्या रिंकच्या कडेवरून उडाला आणि शाळेच्या उत्तरेच्या भिंतीशी साचलेल्या बर्फात कमरेपर्यंत रुतला.

"जिवंत आहेस ना?" इत्सेल हसत हसत घसरत आली. "की टर्की कापायच्या कारखान्यात पाठवू?"

"गुडघा फुटला! इथे दगडासारखं काहीतरी आहे." सोरेनने हाताने भुसभुशीत बर्फ बाजूला केला. भिंतीतल्या नळाखाली, विटांच्या फटीतून बाहेर आलेला, टणक बर्फाचा एक मोठा गोळा होता. सोरेनने वर पाहिलं. वर छपराची कड नव्हती, पन्हाळ नव्हती, नळाचं तोंडही कोरडं होतं. "हे पाणी आलं कुठून? होदान, इकडे ये. बघ!"

होदान वर्समे बाकावरून उठली नाही. तिचे स्केट्स तिच्या मांडीवर तसेच होते.

"मला शाळेच्या भिंतीजवळ यायला मनाई आहे," ती म्हणाली. "विसरलास?"

विसरला नव्हता. अल्डर फॉल्स गावात कुणीच विसरलं नव्हतं. नाताळच्या सुट्टीत शाळेच्या व्यायामशाळेत पाणी शिरलं आणि नवी कोरी लाकडी जमीन लाटांसारखी फुगली. सुट्टी लागली त्या दिवशी दुपारच्या नमाजाआधी सोमाली मुली हात-पाय धुण्याच्या खोलीत गेल्या होत्या आणि सगळ्यांत शेवटी बाहेर पडली होती होदान. एवढं पुरेसं होतं. तिने नळ उघडा टाकला, असं मुख्याध्यापिका लिंडक्विस्ट बाई म्हणाल्या, बाजारातली माणसं म्हणाली. सोरेनचे बाबासुद्धा जेवताना म्हणाले, "पाय धुवायचेच तर घरी धुवा ना!"

"उद्या शाळा समिती येणार," होदान म्हणाली. "ती खोली कायमची बंद करणार. आणि तसं झालं तर हूयो मला मिनियापोलिसला मामाकडे नेणार. सामान बांधायला घेतलंय तिने."

"पण तुझी आई असं कसं करू शकते!" इत्सेल उसळली.

"जिथे लेकीकडे चोरासारखं बघतात तिथे राहायचं नाही, म्हणते." होदानचा आवाज बारीक झाला. "आणि खरं सांगू? मी नळ बंद केला होता, हे मला पक्कं आठवतंय. पण सगळे इतक्यांदा म्हणाले, की आता वाटतं... नसेल केला."

"वाटतं म्हणजे काय?" सोरेन एकदम म्हणाला. "करून बघू! नळ उघडा राहिला तर पाणी व्यायामशाळेपर्यंत जातं का, ते बघू!"

जमीन सुकवायला आणलेल्या मोठ्या पंख्यांच्या तारांसाठी शाळेचं मागचं दार सताड उघडं होतं. पंखेवाल्या दोघांना भूक लागली असणार, हा इत्सेलचा अंदाज. तिने घरून मक्याच्या पानात वाफवलेल्या गरम तमालेंचा डबा आणला आणि दारातच उघडला.

"नाताळचे उरलेत, काका! आई म्हणाली, टाकू नकोस, वाट."

"तुझ्या आईचं भलं होवो!" काका म्हणाले आणि दोघेही डब्यावर वाकले. त्यांच्या पाठीमागून होदान आणि सोरेन आत सटकले.

हात-पाय धुण्याच्या खोलीत सोरेनने बेसिनच्या भोकात हातमोजा कोंबला आणि नळ पूर्ण सोडला. बेसिन भरलं, काठावरून पाणी धो धो खाली पडायला लागलं. होदानने श्वास रोखला. पाणी जमिनीवर पसरलं, वळलं, आणि खोलीच्या मधोमध असलेल्या जाळीतून गडगड करत निघून गेलं. दोघं कितीतरी वेळ उभी राहिली. दाराचा उंबरा कोरडा ठणठणीत!

"जात नाही!" होदान पुटपुटली. "सोरेन, जातच नाही! मी नळ उघडा ठेवला असता तरी..."

"होदान वर्समे!"

दारात लिंडक्विस्ट बाई उभ्या होत्या. काठोकाठ भरलेलं बेसिन, वाहतं पाणी आणि शेजारी होदान, एवढंच त्यांना दिसलं.

"आता तर मी डोळ्यांनी पाहिलं!"

"बाई, हा प्रयोग आहे! जाळी बघा ना!" सोरेन ओरडला.

"सोरेन, तुला कुणी नादी लावलंय ते कळतंय मला. घरी जा. आणि होदान, उद्या समितीसमोर आईला घेऊन ये."

बाहेर आल्यावर कुणी कुणाकडे बघेना.

"मीच घालवलं सगळं," सोरेन म्हणाला.

"तू नाही. मीच आत जायला नको होतं," होदान म्हणाली.

"शाळेच्या सहिष्णुता सप्ताहात एकमेकांचं जेवण खाऊन टाळ्या वाजवल्या," इत्सेल चिडून म्हणाली, "आणि ऐकून घ्यायची वेळ आली की दार बंद! बरं, पाणी तिथून आलं नाही. मग आलं कुठून?"

सोरेन थांबला. वळला. भिंतीजवळच्या त्या गोळ्यापाशी जाऊन गुडघ्यावर बसला. व्यायामशाळेची जमीन सर्वांत जास्त फुगली होती ती याच भिंतीच्या आतल्या बाजूला. त्याने नळाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

नळाच्या तोंडाला एक छोटी पितळी तोटी घट्ट बसवलेली होती.

"काय झालं?" होदानने विचारलं.

"हा थंडीचा नळ आहे," तो हळू बोलू लागला. "चावी बाहेर, पण पाणी अडतं ते आत, उबेत. बंद केला की मधल्या नळीतलं पाणी गळून जातं. पण पुढे ही तोटी बंद असली, तर ते अडकून बसतं. गोठतं. फुगतं. आणि नळी फुटते."

"मग सारखं गळलं नसतं का?" इत्सेलने विचारलं.

"नाही. भेग आहे ती पाणी अडतं त्या जागेच्या पुढे. नळ बंद तर गळती बंद! पण रिंकवर बर्फ चढवायला नळ सोडला, की थोडं पाणी रिंकवर आणि थोडं भिंतीत."

"पण ही तोटी लावली कुणी?"

सोरेनने ओठ चावला. गावातली वडीलमंडळी दर हिवाळ्यात हौसेने रिंक तयार करत. त्यांचे पुढारी होते कर्ट नायगार्ड. सोरेनचे बाबा.

"रबरी पाइप पटकन काढता यावा म्हणून बाबाने यंदा लावली," तो म्हणाला. "आधीच्या हिवाळ्यांत तोच मला रोज सांगायचा: पाइप सोड, नळी रिकामी कर!"

मग होदान म्हणाली, "तुला सांगायचं नसेल तर... मला समजेल."

सोरेनने संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबा हसले. "वीस हिवाळे बर्फ करतोय मी, बेटा. मला शिकवतोस?"

दुसऱ्या दिवशी समितीची माणसं व्यायामशाळेत फुगलेल्या फळ्यांवर जपून पावलं टाकत उभी होती. कर्ट नायगार्डही आले होते. रिंकवाल्यांच्या वतीने त्या खोलीविरुद्ध तक्रार करायला! होदानची आई कारखान्यातल्या पाळीवरून थेट आली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

"आपल्याला कुणाच्या धर्माबद्दल काही म्हणायचं नाही," अध्यक्ष ब्रेके साहेब घसा साफ करत म्हणाले, "पण शाळेचं नुकसान..."

"साहेब, एक मिनिट या भिंतीजवळ या ना," इत्सेल गोड आवाजात म्हणाली. "इथे फळ्यांखालून कसला तरी आवाज येतोय. उंदीर असेल!"

सगळे भिंतीकडे सरकले. होदानने खिडकीतून हात हलवला. बाहेर उभ्या सोरेनने चावी फिरवली. पितळी तोटी बंदच होती.

भिंतीत खळखळ झाली. मग कडेच्या लाकडी पट्टीखालून पाण्याची जीभ बाहेर आली, ब्रेके साहेबांच्या चकचकीत बुटांना लागली आणि पुढे पसरली.

"अरे! अरे! हे कुठून?"

"हात-पाय धुण्याच्या खोलीतून नाही," होदान म्हणाली. "तिथे आज कुलूप आहे."

कर्ट नायगार्ड धावत बाहेर गेले. सोरेन नळाजवळ उभा होता, चावीवर हात ठेवून. बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. कर्टने चावी बंद केली आणि दोन्ही हातांनी पितळी तोटी फिरवून काढली. आत येईपर्यंत त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"ही माझी," ते म्हणाले. "काल मुलगा सांगत होता. मी ऐकलं नाही." मग होदानच्या आईकडे वळले. "बाई, मी तुमच्या लेकीबद्दल जे बोललो..."

"ते मी ऐकलंय," ती म्हणाली. "सगळं गाव बोललं. तुम्ही एकटे नव्हतात."

"शाबास, मुलांनो!" ब्रेके साहेबांनी घाईने टाळ्या वाजवल्या. "तीन वेगवेगळ्या घरची मुलं, आणि अशी एकी! शाळेला तुमचा अभिमान आहे!"

लिंडक्विस्ट बाई पुढे आल्या. "होदान, शाळा सुरू होईल त्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तुमचा सत्कार करू. बोलशील ना दोन शब्द?"

"बाई, सत्कार नको," होदान म्हणाली. तिचा आवाज थरथरला, पण ती थांबली नाही. "तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. 'नळ बंद केला होतास का?' एवढंच. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

बाईंनी खाली पाहिलं. "नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

"खोली कधी उघडणार?" होदानच्या आईने विचारलं.

"समिती त्यावर विचार..." ब्रेके साहेब सुरू झाले.

"आता कसला विचार?"

लिंडक्विस्ट बाईंनी खिशातून किल्ली काढली, स्वतः गेल्या आणि कुलूप उघडून आल्या.

बाहेर सोरेन रिंकच्या काठावर बसला होता. बाबांची गाडी त्याला न घेताच गेली होती. इत्सेल एका बाजूला बसली, होदान दुसऱ्या.

"खूप रागावलेत?" होदानने विचारलं.

"माहीत नाही. बोलतच नाहीये."

"आमच्या घरी चल. निदान जेव तरी."

मागून होदानची आई आली. तिचा फोन वाजत होता, मिनियापोलिसहून मामा. तिने तिघांकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला.

"नाही, दादा, आमच्यासाठी खोली रिकामी ठेवू नकोस. आम्ही येत नाही," ती म्हणाली. थोडं थांबून शाळेकडे बघत तिने हळूच पुढे जोडलं, "निदान यंदा तरी नाही."