चादरींच्या खोलीतलं बोलणं

परदेशात शिकायला गेल्यावर माझी पहिली मैत्री एका वेळापत्रकाशी झाली. म्हणजे माझ्या खोलीतल्या जोडीदारणीशी. तिला आगगाड्यांच्या वेळा तोंडपाठ असायच्या, म्हणून हे नाव मीच तिला ठेवलं होतं. ती वेगळ्या देशाची, मी वेगळ्या. आमचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या तिसऱ्याच भाषेत चालायचं. शुक्रवारचा शेवटचा तास संपला की पाठीला एकेक पिशवी अडकवून आम्ही पळ काढायचो. गाडी तिने शोधायची, मुक्कामाची जागा मी, आणि जागा कितीही टुकार निघाली तरी कुरकुर करायची नाही.

माझा विषय ध्वनिशास्त्र. कुठल्या भिंतीतून किती आवाज झिरपतो, हे मोजायचं. मुक्कामी शेजारी कुणी घोरायला लागलं की वेळापत्रक कुशीवर वळून विचारायची, ‘‘किती भरतंय?’’ मी अंदाजाने आकडा सांगायचे आणि आम्ही उशीत तोंड खुपसून हसायचो.

त्या शनिवारी आम्ही एका तळ्याकाठच्या गावी गेलो. हंगाम संपला होता. धक्क्यावर लाँचा ताडपत्र्या पांघरून बांधून ठेवलेल्या, चहाच्या टपरीच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीने जखडलेल्या. आमची घरमालकीण पूर्वी त्याच धक्क्यावर तिकिटं द्यायची. अजूनही ती माणसाकडे खिडकीतून बघावं तशी, मान थोडी वाकवून बघायची. दुसऱ्या मजल्यावरची खोली तिने उघडून दिली. दोन लोखंडी पलंग, कोपऱ्यात बेसिन, खिडकीतून तळं. जागा इतकी स्वच्छ होती की कुरकुरीला वावच नव्हता.

माझ्या मनात मात्र खुपत होतं. दर रविवारी सकाळी मी आईला फोन करायचे. मोठ्या सुट्टीत मी घरी येणार असं ती धरून चालली होती. इकडे आम्ही दोघींनी महिनाभराच्या भटकंतीचा रेल्वेपास काढून ठेवला होता. तीन रविवार गेले, पण मला ते सांगायचा धीर होत नव्हता.

‘‘उद्या सांगून टाक,’’ वेळापत्रक म्हणाली. ‘‘नाहीतर मी सांगते. मला तुमच्या भाषेत ‘आई, जेवलीस का’ एवढं येतं.’’

चारच्या सुमाराला ती पलंगावर नकाशा पसरून बसली होती आणि मी बेसिनपाशी मोजे धूत होते. तेव्हा भिंतीपलीकडून एका बाईचं बोलणं ऐकू यायला लागलं. फोनवर बोलत असावी. मध्येच थांबायची, मग पुन्हा बोलायची. दोनतीन वाक्यं कानावरून गेली आणि मग माझ्या ध्यानात आलं, की मला ती कळताहेत. आपली भाषा!

‘‘हं, बोल. अगं, येतोय आवाज, बोल ना,’’ बाई म्हणाली.

सहा महिन्यांत त्या देशात फोनशिवाय ही भाषा मी ऐकली नव्हती. मला इतका आनंद झाला की ओल्या हातांनीच मी भिंतीला कान लावला.

‘‘खरं सांगतेस?’’ मग बराच वेळ काही नाही. ‘‘किती तारखेला? अठराला?’’ पुन्हा शांतता. ‘‘बाबांना सांगू की नको? बरं, नाही सांगत. बघू या त्यांचं तोंड कसं होतं ते.’’ यावर ती हसली.

वेळापत्रकने नकाशावरून मान वर केली. ‘‘तू फोन स्पीकरवर लावलायस का?’’

‘‘नाही. का?’’

‘‘मग तुझी आई कुठून बोलतेय?’’

दर रविवारी फोनच्या वेळी वेळापत्रक माझ्या शेजारीच बसलेली असायची. आईचा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता; भाषेच्या आनंदात मला मात्र तो ओळखू आला नव्हता. मी हसण्यावारी नेलं, पण भिंतीपासून कान काढला. खरं तर मला आधीच एक गोष्ट खटकली होती. आवाज भिंतीतून येतो तेव्हा त्याची धार जाते. ‘स’, ‘च’, ‘त’ आधी गळतात आणि नुसती गुणगुण उरते. इथे प्रत्येक अक्षर सुटं होतं. श्वास घेतलेलासुद्धा कळत होता.

‘‘केस कापलेस? अगं, किती?’’ पलीकडून आलं. ‘‘बरं, ठेव आता. नाही, आधी तू ठेव.’’

मग काही ऐकू आलं नाही.

आम्ही खाली गेलो. घरमालकीण चादरींच्या घड्या घालत होती. शेजारच्या खोलीत कोण उतरलंय, असं मी विचारलं.

‘‘कुणी नाही. ती चादरींची खोली आहे.’’

ती वर आली आणि तिने दार उघडून दाखवलं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या घड्या, खाली इस्त्रीचा पाट. एक माणूस उभा राहील एवढीच जागा. खिडकी नाही, फोन नाही. साबणाचा वास होता. मी आत जाऊन भिंतीवर टिचकी मारली. भरीव वीट होती.

‘‘तुम्हाला कधी काही ऐकू येतं इथे?’’ मी विचारलं.

‘‘येतं की. पाहुण्यांच्या भाषेत येतं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तर माझं निभतं.’’ तिने दार लावून घेतलं. ‘‘सकाळी नाश्ता आठला.’’

रविवारी अकरा वाजता आम्ही स्टेशनच्या बाकावर बसलो होतो. ऊन पडलं होतं. गाडीला चाळीस मिनिटं होती. मी आईचा नंबर लावला.

‘‘हं, बोल,’’ आई म्हणाली.

मी वेळापत्रककडे बघितलं.

‘‘अगं, येतोय आवाज, बोल ना.’’

वेळापत्रकने माझा दंड धरला. मी घाईघाईने बोलून टाकलं, ‘‘आई, मी सुट्टीत घरी येत नाहीये. आम्ही फिरायला जाणार आहोत. तुला आधीच सांगायला हवं होतं.’’

‘‘खरं सांगतेस?’’ आईच्या आवाजात इतका आनंद मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

‘‘आई, येत नाहीये म्हणाले मी.’’

‘‘किती तारखेला? अठराला?’’

‘‘आई, ऐक तरी!’’

‘‘बाबांना सांगू की नको?’’

मग मी बोलायचं थांबले. फोन कानाला धरून नुसती बसले. आई बोलत होती, थांबत होती, ऐकत होती. माझ्या गप्प बसण्याने तिचं काहीच अडत नव्हतं. ‘‘बघू या त्यांचं तोंड कसं होतं ते,’’ असं म्हणून ती हसली. केसांचं विचारलं. माझे केस पाठीवर होते, नेहमीसारखे.

‘‘बरं, ठेव आता,’’ आई म्हणाली. ‘‘नाही, आधी तू ठेव.’’

मी ठेवला नाही. तरीही, पलीकडे कुणीतरी ठेवल्यासारखं आई समाधानाने ‘हं’ म्हणाली आणि फोन बंद झाला.

गाडीत बसल्यावर मी वही काढली. लाइन खराब असेल, आवाज उशिरा पोहोचत असेल, आईला जे हवं तेच तिने ऐकलं असेल. अशा तीन शक्यता लिहिल्या आणि तिन्ही खोडल्या. मग आईला मेसेज पाठवला: मी येत नाहीये, मघाचं बोलणं विसर. तिचं लगेच उत्तर आलं. ‘‘कळलं गं. गुपित म्हणजे गुपित. खोली आवरायला घेतलीय.’’

पुढचे दोन रविवार तिने फोन उचलला नाही. ‘कामात आहे, आता भेटशीलच,’ एवढाच मेसेज यायचा.

मला भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त डोळ्यांसमोर येत होतं ते वेगळंच. आई माझी खोली आवरतेय, गादी उन्हात घालतेय, आणि अठरा तारखेला दारात कुणीच नाही. तो विचार मला सहन होईना. मी रेल्वेपास परत केला. वेळापत्रक रुसली नाही. ‘‘जा,’’ म्हणाली, ‘‘आणि पोहोचलीस की लगेच कळव. खरंच लगेच.’’

अठराला पोहोचवणाऱ्या कुठल्याच विमानात जागा मिळाली नाही. वीस तारखेला पोहोचवणारं मिळालं.

एकोणीसच्या सकाळी मी विमानतळावर बसले होते. उशीर होतोय, उद्या पोहोचते, काळजी करू नका, एवढं तरी घरी सांगायला हवं होतं. आईचा मोबाइल लागेना. म्हणून मी हॉलमधल्या जुन्या फोनवर लावला. त्यावर नंबर दिसत नाही.

बाबांनी उचलला. ‘‘हॅलो?’’

‘‘बाबा, मी बोलतेय.’’

‘‘कोण?’’

‘‘मी, बाबा. उद्या पोहोचतेय मी.’’

‘‘नीट ऐकू येत नाहीये. आपण तिच्या मैत्रीण का?’’ बाबा मोठ्या अदबीने म्हणाले. त्यांनी मला आयुष्यात कधी ‘आपण’ म्हटलं नव्हतं. ‘‘कालच आली ती. मला काही पत्ताच लागू दिला नाही. थांबा हं, बोलावतो.’’

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. स्वयंपाकघरातून आईचं हसणं येत होतं. बाबांनी मला, माझ्या घरातल्या नावाने, हाक मारली.

‘‘आले,’’ आतून कुणीतरी म्हणालं.

पावलं हॉलमध्ये आली. रिसीव्हर उचलला गेला. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं, सावकाश.

‘‘हॅलो,’’ मी म्हणाले.

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग फोनवर हात न ठेवताच, माझ्या आवाजात म्हणाली, ‘‘राँग नंबर आहे, बाबा.’’