पाच अंदाज

बाराशे मुलांची उंची आणि वजन, जन्मापासून दरवर्षी एकदा, सलग दहा वर्षं. हा सगळा पसारा ज्यांच्या टेबलावर यायचा, त्यांना ऑफिसात दशांशबाई म्हणत. दशांशचिन्ह एक घर जरी सरकलं तरी त्यांची जेवणावरची वासना उडायची.

मोजणीच्या दिवशी मूल गैरहजर असलं की तक्त्यातला चौकोन कोरा राही. मग कॉम्प्युटर त्या मुलाची मागची वर्षं आणि त्याच वस्तीतली बाकीची मुलं पाहून तो चौकोन भरायचा. एकाच अंदाजावर विसंबायचं कसं? म्हणून पाच वेळा, पाच वेगळ्या प्रतींत. दर प्रतीत आकडा थोडा निराळा.

एक मुलगी सातव्या वर्षी तापाने गेली. तिच्या आईसमोर 'मृत' लिहायला मोजणीदाराचा हात धजावला नाही. त्याने चौकोन कोरा सोडला. बाईंनी गैरहजर समजून तो भरला. तीन वर्षं.

एका दुपारी ती आई ऑफिसात येऊन उभी राहिली.

"माझी पोर गेली तीन वर्षांपूर्वी. तिला वाढवतंय कोण?"

तिने पिशवीतून शिवणाची टेप काढली, मग एक कागद. त्यावर पाच आकडे होते.

"पाच जणी येतात. तोंड एकच, उंची वेगळी. भिंतीला टेकून उभ्या राहतात. मी मोजल्या."

बाईंनी पाचही प्रती उघडल्या. १२९.४. १३१.०. १२८.७. पाचही आकडे तिच्या कागदावरचेच होते. त्या प्रती त्यांच्याखेरीज कोणी पाहिल्याच नव्हत्या. त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"बोलतात?"

"नाही हो. नुसत्या बघतात. चौघींना काढा. एक राहू द्या. कुठलीही चालेल मला."

"तसं करता येत नाही. चूक आमची आहे, ती पूर्ण निस्तरायला हवी."

"पाया पडते तुमच्या."

बाईंना दया आली होती, पण भीती जास्त वाटत होती, आणि भ्यायल्या की त्या कडक होत. तीनच चौकोन वेचून काढायचे कुणी? त्यांनी पाचही प्रतींतून त्या मुलीची अख्खी ओळ पुसली. मुलगी खरोखर जगली ती सात वर्षंही त्यात गेली.

आईने टेप गुंडाळली. मग ओशाळून इकडेतिकडे पाहिलं.

"मी कशाला आले होते?"

आठ दिवस बाईंना अन्न गोड लागेना. शेवटी त्या पत्ता शोधत तिच्या घरी गेल्या. दार तिनेच उघडलं. चेहरा टवटवीत, पोटभर झोप झाल्यासारखा.

"मुलगी? मला मूलबाळ नाही. झालंच नाही कधी. तुमचं घर चुकलं असेल."

तिने हसून दार लावलं.

आतून कोणीतरी म्हणालं, "आई."

मग दुसरं कोणी. मग तिसरं, जरा रडवेलं.

बाई पायरीवर खिळून राहिल्या.

आत त्या आईची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. मध्ये कुठे थांबली नाहीत. ती काहीतरी गुणगुणत होती.