मी सांगेपर्यंत सोडायचं नाही

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली. आता तुम्ही माझी करा, मला राग नाही.

पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात झालंय. आणि ती गाडी आत्ता, हे लिहिताना, माझ्या खिडकीखाली उभी आहे.

ताईला दोन मुली. थोरली शांत. धाकटीला आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण तिला एका जागी बसलेलं कोणी पाहिलंच नव्हतं. दोघींना डर्ट बाईकचं वेड. भाऊजींनी लहान मुलांच्या दोन जुन्या बाईक आणल्या, आणि दर रविवारी तिघं शहराबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर जायला लागले.

बाईक न्यायच्या कशा? घरात एकच गाडी. ऑफिसला जायची साधी सेडान.

मी म्हटलं, छोटा टेम्पो सांगा. पण ऐकतील तर ते भाऊजी कसले!

थोरलीची बाईक डिकीत जायची, झाकण दोरीनं बांधून. भिंगरीची गाडीच्या आत. मागची सीट काढून तिथं प्लायवूड टाकलेलं. बाईकचं पुढचं चाक काढायचं, हँडल आडवं करायचं, टाकीतलं पेट्रोल काढून घ्यायचं आणि दारातून आत सरकवायची. नाकापेक्षा मोती जड, असं मी चिडवायचो. भाऊजी हसायचे.

बाईक पट्ट्यांनी बांधलेली असायची. पण एक पट्टा वळणावर हमखास सैल व्हायचा.

त्यावर भाऊजींचा उपाय म्हणजे भिंगरी.

ती बाईकशेजारी प्लायवूडवर मांडी घालून बसायची आणि दोन्ही हातांनी बाईक धरून ठेवायची. ताई यावरून भांडायची. भिंगरीला मात्र केवढा अभिमान! आपण धरलं नाही तर बाईक पोचणारच नाही, असं ती सगळ्यांना सांगत सुटायची.

"मी सांगेपर्यंत सोडायचं नाही," भाऊजी गाडी सुरू करताना म्हणायचे.

अर्ध्या वाटेत तिचे हात दुखायला लागायचे. मग मागून आवाज यायचा, "बाबा, अजून किती लांब?"

"धर बाळा. आलंच."

त्या रविवारी समोर अचानक ट्रक थांबला. भाऊजींनी ब्रेक दाबला. पट्टा सुटला आणि बाईक पुढं आली.

तिनं हात सोडून अंग काढून घेतलं असतं, तर वाचली असती.

तिनं सोडलं नाही.

त्यानंतर ते घर घर राहिलं नाही. भाऊजी भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. अन्न नाही, झोप नाही, बोलणं नाही. गाडी दारात तशीच उभी. बाईक आत तशीच.

शेवटी ताईनं मला बोलावलं. "एवढी ती बाईक घेऊन जा रे, मला बघवत नाही."

भर दुपार होती. मी गाडीचं दार उघडलं, पट्टे सोडले आणि बाईक ओढली.

हलेना.

कुठं अडकलंय म्हणून वाकून पाहिलं. कुठंच नाही. पुन्हा ओढली. जरा बाहेर आली... आणि सावकाश आत गेली.

कोणीतरी परत ओढल्यासारखी.

तेवढ्यात आतून... अगदी हळू... दमलेल्या मुलाचा असतो तसा श्वास ऐकू आला.

ताई माझ्या मागंच उभी होती. तिनंही ऐकला. ती ओरडली नाही, रडली नाही. सरळ आत गेली आणि भाऊजींना दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

"तुम्ही सांगितल्याशिवाय ती सोडणार नाही," ती म्हणाली. "सांगा तिला."

भाऊजी उघड्या दाराशी गुडघ्यांवर बसले. मग गाडीत डोकं घालून म्हणाले, "सोड बाळा. पोचलो आपण."

बाईक एकदम मोकळी झाली. मी तिच्यासकट मागं पडलो.

त्या दिवशी भाऊजी ओक्साबोक्शी रडले. मग जेवले. सुटली माझी पोर, असं ताई पुन्हा पुन्हा म्हणत होती. गाडीही घेऊन जा, विकून टाक, म्हणाली.

बाईक मी दुपारीच भंगारवाल्याला देऊन आलो, आणि संध्याकाळी ती गाडी घेऊन निघालो. मागं काही नव्हतं. बाईक नाही, पट्टे नाहीत, नुसतं प्लायवूड. मनावरचं ओझं उतरलं होतं.

मोठं वळण आलं.

मागून आवाज आला...

"मामा... आता काय धरू?"

आरशात पाहिलं. कोणी नाही. मी कसंबसं म्हटलं, "काही नको धरूस, बाळा. सोड. जा."



मग माझ्या खांद्यावर शर्ट ओढला गेला. आधी एका बाजूनं... मग दुसऱ्या.

चिमुकल्या मुठी.

घरी येईपर्यंत त्या सुटल्या नाहीत.

गाडी मी विकलेली नाही. कोणाच्या गळ्यात बांधू? दर रविवारी थोडी फिरवून आणतो, कारण नाही नेली तर खालून गाडीचं दार आतून वाजवल्याचा आवाज येतो. सोड म्हणून किती विनवण्या केल्या. माझ्या सांगण्यानं ती सोडत नाही.

भाऊजींनी सांगितलं तर कदाचित सोडेल. पण ते आत्ता कुठं कामावर जायला लागलेत. ताईला झोप लागते. फोनवर ती म्हणते, पोर सुटली रे, एवढंच समाधान. तिला मी काय सांगू?

परवाच्या रविवारी पुन्हा मुठी आवळल्या. हात थरथरत होते तिचे. मला शर्टातून कळत होतं.

"मामा... अजून किती लांब?"



"धर बाळा," मी म्हटलं. "आलंच."