दुसरा रिमोट

अकराशेचा व्हिडिओ गेम आन चोवीसशेचा, यात फरक काय, हे मी गिऱ्हाइकाला खोलूनच दाखवायचो. सत्त्याण्णव साल. बीडच्या बस स्टँडसमोर माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, व्हिडिओ गेमबी विकायचो. अकराशेवाल्यात एकच चिप, तीबी डांबराचा ठिपका पडल्यावानी, आन वजन वाटावं म्हणून तळाला चक्क लोखंडाची पट्टी! चोवीसशेवाल्यात चिपा वेगळ्या, खेळायचे दोन्ही रिमोट काढता-घालता येणारे. "स्वस्तातला घेताल तर बोंबलत येताल," हे माझं ठरलेलं वाक्य.

दिवाळीनंतर शिरूर कासारची छबुबाई आली. ऊसतोडीला निघालेली, ट्रक रस्त्यावर उभा. तिनं फडक्यात गुंडाळलेला अकराशेवाला काउंटरवर ठेवला.

"ह्यातला दुसरा गडी आपोआप खेळतोय, महांतेशभाऊ."

"वायर शॉट झाली असंल, मावशी."

"नातीच्या लाइफ घेतो तो. आता पोरगी हातरुणातून उठंना."

मला हसू आलं. त्या बंदुकीच्या गेममधी तसंच असतंय. आपल्या तिन्ही लाइफ संपल्या, की बटन दाबून जोडीदाराची एक घेता येती. मी समजावत गेलो, तर बाई पैसेबी न मागता ट्रककडं निघाली. मी म्हणलं, बरंय की, फुकटात माल आला.

घरी नेऊन दुसऱ्या रिमोटची वायर मुळापासून कापली. माझी सात वर्षांची रुद्राणी खेळायला बसली. एकटीचा खेळ लावला, तरी पडद्यावर दोन गडी उतरले. दुसरा उड्या मारत होता. त्याचा कापलेला रिमोट माझ्या हातात होता.

तीच कॅसेट चोवीसशेवाल्यात घातली. एकच गडी. म्हणलं, स्वस्तातली चिप, दुसरं काय? पोरीला त्याच अकराशेवाल्यावर खेळू दिलं. तिथंच चुकलो.

चौथ्या दिवशी रुद्राणी उठली न्हाई. ताप न्हाई, खोकला न्हाई, हातपाय गार. डॉक्टर अशक्तपणा म्हणाले. मशीन माळ्यावर टाकलं, तरी उतार पडंना. मी भ्यालो. खरं सांगतो, लई भ्यालो. छबुबाईला शोधायला शिरूरला गेलतो, तर घराला कुलूप. शेजारीण एवढंच म्हणाली, "नात? ती तर देवाघरी गेली न्हवं."

रविवारी दुपारी मशीन खाली काढलं. जो दुसरा असतो तो घेतो, एवढं मला कळलं होतं. कापलेली वायर परत डाग देऊन जोडली. दुसरा रिमोट रुद्राणीच्या हातात दिला, पहिला मी घेतला.

तिच्या लाइफ शून्य. माझ्या तीन.

"दाब, बाळा."

"कावून, अप्पा?"

"दाब म्हणलं ना."

तिनं दाबलं. माझ्या दोन. तिची नखं गुलाबी झाली. माझे पाय घोट्यापर्यंत गार पडले.

पुन्हा दाबलं. माझी एक.

रुद्राणी उठून बसली. कितीतरी दिवसांनी म्हणाली, "भूक लागली." मला रडूच फुटलं.

"बास आता. ठेव तो. आईकडं जा."

ती रिमोट पलंगावर टाकून पळाली. सैपाकघरातून माझ्या बायकोचं, शिवांजलीचं हसणं ऐकू आलं, ताटाचा आवाज आला.

मी प्लग काढायला हात उचलू लागलो. उचलंना.

पडद्यावर माझी एक.

पलंगावरच्या रिमोटचं बटन हळूच आत गेलं.